हात उगारणारे मूल आणि कराटेचा वर्ग

“आधीच तो हात उगारतो. कराटे शिकवलं तर घरात राहणं कठीण होईल!” स्वमग्न, म्हणजेच ऑटिझम असलेल्या मुलांच्या आया आमच्याजवळ ही भीती बोलून दाखवतात. पण ही मुले बहुधा हात उगारतात, ते मनातले सांगता येत नाही किंवा गोंगाट सोसत नाही म्हणून.

कराटेतील ‘काता’ म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली. त्यात कुणाला मारायचे नसते. वाकून सुरुवात, वाकून शेवट. पुढे काय येणार हे ठाऊक असले की या मुलांचे मन स्थिरावते. इराणमधील ३० स्वमग्न मुलांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना १४ आठवडे, आठवड्यातून ४ वेळा काता शिकवला. त्यांच्या त्याच त्या हालचाली बऱ्याच कमी झाल्या. सराव थांबल्यावर महिन्यानेही फरक टिकून होता. अभ्यास छोटा आहे. कराटेने स्वमग्नता जात नाही, म्हणून चालू उपचार आणि शाळा सोडू नका.

शिक्षकांना एवढे सांगा :
• एका वेळी एकच सूचना. सांगण्यापेक्षा करून दाखवा.
• वार आणि वेळ ठरलेली. मुले चार-पाचच.
• मोठ्याने ओरडणे नको, झुंज नको.
• मुलाला विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नका.
• थकले तर बसायला शांत कोपरा ठेवा.

मुलाला फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कराटे शिक्षक मिळत नसेल तर समता सैनिक दलाची कवायत येणारे वस्तीत असतात. मोजून पावले टाकणे, लेझीम, हेही याच पद्धतीने शिकवता येते. विहाराचे अंगण रविवारी सकाळी तासभर पुरे.

मूल दोन वर्षांचे झाले तरी हाकेला वळत नसेल, बोलत नसेल, तर अंगारे-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. नांदेड किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग विभागात दाखवा. लातुरात ऑटिझमसाठी ‘उमंग’ केंद्रही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेची नोंद आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळते. ते जरूर काढा.

पाहुणे आले की या मुलांना आतल्या खोलीत बसवले जाते. येत्या रविवारी त्यांना विहारात घेऊन या. शेजाऱ्यांनीही रांगेत त्यांच्यासाठी जागा ठेवावी.