इतिवृत्त वाचून दाखवा, मगच उठतो

१९७४चा पाणी कायदा, १९८१चा हवेचा, मग भोपाळ आणि त्यापाठोपाठ १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा ही वंशावळ वाचकांना पाठ आहे. किनारपट्टी नियमनाच्या (सीआरझेड) १९९१च्या अधिसूचनेला तर इतक्या दुरुस्त्या झाल्या, की २०११ साली नवीच काढावी लागली. त्या जंगलात आज शिरत नाही.

माझा जीव अडकलाय तो एप्रिल १९९७मध्ये. तेव्हा मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी सक्तीची झाली. पुढे २००६च्या अधिसूचनेने तिला नीट बूड दिलं: तीस दिवसांची नोटीस, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, चित्रीकरण, आणि शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत सर्वांसमोर वाचून दाखवायचा. गणपूर्तीची अट मात्र नाही. मांडव रिकामा असला तरी सुनावणी झालीच!

आमचे काही विद्वान मित्र हिला 'फार्स' म्हणतात. त्यांची सगळी भिस्त न्यायालयांवर आणि २०१०च्या कायद्याने आलेल्या हरित लवादावर. अहो, पण लवादापुढे वकील उघडतो काय? सुनावणीचं इतिवृत्तच ना? गोव्यातल्या खाणीविरुद्ध उत्कर्ष मंडळाने केलेल्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट सांगितलं, की सुनावणीतले आक्षेप का फेटाळले याची कारणं तज्ज्ञ समितीने दिली पाहिजेत. आक्षेप कागदावरच नसता, तर कारणं कशाची मागणार होता?

कोकणातल्या एका सुनावणीत सल्लागारांनी जाडजूड इंग्रजी अहवाल आणला होता. एका कोळीणबाईंनी त्यातली खाडीच्या मासळीची यादी मोठ्याने वाचायला लावली. यादी संपल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यात तिसऱ्या कुठं हायत? मग आमी बाजारात काय इकतो?" सल्लागार पानं चाळत राहिले. अध्यक्षांनी प्रश्न लिहून घ्यायला लावला. अभ्यास किती वरवरचा आहे, हे दाखवायला मला आजवर याहून नेमका आक्षेप सापडलेला नाही.

आता उतरणीकडे. २०१७ साली, परवानगीविना उभ्या राहिलेल्या प्रकल्पांना मागाहून अर्ज करायची सहा महिन्यांची खिडकी उघडली. वरात घरी पोचल्यावर मुहूर्त काढण्यातला प्रकार. २००६च्या अधिसूचनेच्या जागी आणायच्या २०२०च्या मसुद्यात सुनावणीची नोटीस वीस दिवसांवर आणायचा घाट होता. तो मसुदाही आधी फक्त इंग्रजी-हिंदीत. आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत आणा, हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. २०२३च्या जनविश्वास कायद्याने १९८६च्या कायद्यातली कैद काढून टाकली आणि दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड ठेवला. तुरुंगाच्या तरतुदीने फारसे कोणी आत गेले नव्हते, हे खरं. पण कारखानदार तिला वचकून असत. पंधरा लाख मोठ्या कारखान्याच्या हिशेबात किरकोळ खर्चात जमा होतात.

तेव्हा तुमच्या तालुक्यात सुनावणी लागली, तर भाषणं ठोकून चहाला पांगू नका. आक्षेप लेखी द्या, पोच घ्या, आणि मराठीत इतिवृत्त वाचून होईपर्यंत खुर्ची सोडू नका.