छंदांचें एक वर्ष

‘छंद’ ह्या शब्दास आपल्या घरांतून फारसा मान मिळत नाहीं. ‘पोराला नसता छंद लागला’ असें आपण म्हणतों, तेव्हां त्यांत कौतुकापेक्षां तक्रारच अधिक असते. परीक्षेच्या दिवसांत तर तो आळसाचा सख्खा भाऊ समजला जातो. गेल्या वर्षीं मीं वाचन, विणकाम व धांवणें असे तीन छंद बाळगले. त्यांचा थोडासा हिशेब विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा, ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहें. मी ग्रंथकार नाहीं, कारागीर नाहीं, आणि खेळाडू तर नाहींच नाहीं.

प्रथम कारण सांगतों. माझ्या वडिलांस बरींच वर्षें मधुमेह आहे. ह्या विकारांत कित्येक रोग्यांच्या पावलांतील मज्जातंतू हळूहळू निकामी होतात, व पायास कांहीं घासलें किंवा टोंचलें तरी तें कळत नाहीं. मोज्याच्या आंतील जाड शिवणीनें आलेला एक फोडहि अशा माणसास फार महाग पडूं शकतो. कारण जखम लवकर भरत नाहीं. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, मोजे सैल तोंडाचे, आंत शिवण नसलेले व शक्य तर पांढरे असावे. म्हणजे रक्ताचा ठिपका पडल्यास तत्काळ दिसतो. असे मोजे बाजारांत मिळतात, हें खरें. परंतु आईच्या जुन्या सुया घरांत पडून होत्या, आणि माझे हात रिकामे होते. त्याच विकारानें वडिलांची दृष्टिहि मंदावली, म्हणून वाचन आलें. हा विकार कुळांत उतरण्याचा संभव असतो, म्हणून धांवणें आलें.

विणकामाची मौज अशी कीं, त्यांत धागा एकच असतो. मागावरील कापडांत उभा ताणा व आडवा बाणा एकमेकांस छेदून सरळ जातात. म्हणून तें कापड फारसें ताणत नाहीं. सुयांवरील विणींत मात्र एक फांस दुसऱ्या फांसांतून ओढून काढलेला असतो, आणि प्रत्येक फांस जरुरीप्रमाणें लांबट किंवा रुंद होतो. मोजा टांचेवरून चढतो व घोट्यास धरून बसतो, तो ह्या गुणामुळें. फांस आपल्याकडे ओढून काढला म्हणजे सुलट टांका, आणि पलीकडे काढला म्हणजे उलट टांका. सर्व शास्त्र ह्या दोहोंत आहे. दोन सुलट, दोन उलट असें विणीत गेल्यास वीण चुणीदार व लवचिक होते. तीच मोज्याच्या तोंडास घालतात.

मोजा चार-पांच सुयांवर गोल विणावा लागतो. वडिलांच्या मापास साठ टांक्यांची एक फेरी लागते, आणि अशा सुमारें १२५ फेऱ्या होतात. म्हणजे एका मोज्यास साडेसात हजार टांके. आंकडा ऐकून छाती दडपते खरी, परंतु रोज सहा फेऱ्या घातल्या तर तीन आठवड्यांत मोजा पुरा होतो. नवशिक्याची कसोटी लागते ती टांचेपाशीं. तेथें फेरी सोडून केवळ अर्ध्या टांक्यांवर मागें-पुढें ओळी घालावयाच्या. मग त्या पट्टीच्या मध्यभागीं आंखूड ओळी विणीत, कडेचा एकेक टांका आंत घेत, तिला वाटीसारखी खोली द्यावयाची. आणि शेवटीं पट्टीच्या दोन्ही कडांवरून नवे टांके उचलून पुन्हां फेरी धरावयाची. सपाट वीण डोळ्यांदेखत काटकोनांत वळते. भूमितीचा कंटाळा करणाऱ्या मुलानें एकदां टांच वळवून पाहावी.

बोटांपाशीं दोन सुयांवरील समोरासमोरचे टांके शिवावयाचे नसतात. सुईंत धागा ओंवून, जणूं आणखी एक ओळच विणली असावी, अशा रीतीनें ते जोडतात. त्यामुळें उंचवटा मुळींच राहत नाहीं. ह्या जोडणीस इंग्रजींत लॉर्ड किचनेर ह्यांचें नांव चिकटलें आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत खंदकांतील चिखलपाण्यानें सैनिकांचे पाय अक्षरशः कुजत, व त्यांच्यासाठीं घरोघर आणि शाळाशाळांतून लक्षावधि मोजे विणले जात. माझ्या वडिलांच्या पायांची काळजी मीं त्याच जोडणीवर सोंपविली आहे.

कोणी विद्यार्थी म्हणेल, हें बायकांचें काम. त्यास मी फ्रान्सच्या नैर्ऋत्येस लांद प्रांतीं पाठवीन. एकोणिसाव्या शतकांत तेथील दलदलीच्या माळावर मेंढपाळ पायांस उंच लांकडी काठ्या बांधून कळप राखीत, व पाठीशीं तिसरी काठी टेकून, त्या उंचीवर बसल्यासारखे होऊन, निवांतपणें मोजे विणीत. विणकामाचें पहिलें यंत्रहि १५८९ च्या सुमारास इंग्लंडांत विल्यम ली ह्या पुरुषानेंच बनविलें.

रात्रीं जेवणानंतर मी दहा पानें मोठ्यानें वाचतों. हातांनीं काम करावें व कानांनीं ऐकावें, ही रीत आपल्याकडे जात्याएवढी जुनी आहे. क्यूबांतील चिरुटांच्या कारखान्यांतहि १८६५ पासून कामगारांस कादंबऱ्या व वर्तमानपत्रें वाचून दाखविण्याकरितां वाचक नेमूं लागले. आमच्या घरीं मी वाचतों, आणि वडील चांचपडत लोंकरीच्या लडीचा गुंडा करतात. मोठ्यानें वाचूं लागलें कीं, लेखकाचें वाक्य कोठें लंगडतें तें जिभेस आधीं कळतें. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ ह्या कसोटीस पूर्ण उतरलीं. परंतु वडिलांस सर्वांत आवडला तो विष्णुभट गोडसे ह्यांचा ‘माझा प्रवास’. हे भटजी १८५७ सालीं वरसईहून द्रव्यार्जनासाठीं उत्तरेस निघाले, आणि बंडाच्या वणव्यांत सांपडून झांशीच्या वेढ्यापर्यंत पोहोंचले. हकीकत मात्र १९०७ सालीं छापली गेली. परततांना त्यांनीं गंगेची कावड खांद्यावर आणली. ‘आज भटजी किती चालले?’ असें वडील रोज रात्रीं विचारीत, व सकाळीं मी घामानें भिजून आलों कीं, तोच प्रश्न मला!

मी फार चालत नव्हतों, आणि धांवत तर त्याहून कमी. आठवड्यांतून तीन सकाळी, सुमारें तीन किलोमीटर, तेंहि शेजाऱ्याशीं बोलतां येईल इतक्या मंद गतीनें. बोलतांना धाप लागली कीं गति उतरवावी. ह्याहून सोपें माप मला ठाऊक नाहीं. आरंभीं एक मिनिट धांवून दोन मिनिटें चालावें. चालतांना एक पाय सदैव जमिनीवर असतो. धांवतांना प्रत्येक पावलागणिक दोन्ही अधांतरीं असतात, आणि उतरतांना पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. हृदय व फुप्फुसें कांहीं आठवड्यांत सरावतात, परंतु हाडें व स्नायुबंध ह्यांस महिने लागतात. उत्साही मुलांचे पाय दुखावतात ते ह्या अंतरामुळें. काम करणारा स्नायु रक्तांतील साखर स्वतः ओढून घेतो, हा आमच्या घरास विशेष उपयोगी गुण. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं मुलांस दररोज सरासरी साठ मिनिटांची हालचाल सांगितली आहे. पालकांनीं शिकवणीचे तास आंखतांना हा आंकडा दृष्टीआड करूं नये.

पावसाळ्यांतील खाडे वजा जातां वर्षाकाठीं सुमारें चारशें किलोमीटर झाले. तेरा पुस्तकें व मोज्यांच्या चार जोड्या झाल्या. हल्लीं हातांतील फोन पावलें मोजतो, हृदयाचे ठोके मोजतो व कमी पडल्यास बोलहि लावतो. मला तो जाच वाटतो. टांके मोजावेच लागतात, नाहीं तर मोजा बिघडतो. परंतु पुस्तकाच्या पानांस व सकाळच्या वाऱ्यास तो नियम कशाला?

वडिलांच्या पायांस वर्षभरांत फोड आला नाहीं. सर्व श्रेय मोज्यांस देणें शास्त्रास धरून होणार नाहीं. औषधें होतीं, पथ्य होतें, आणि रोज रात्रीं दिव्याखालीं पाय तपासण्याचा परिपाठ होता. सध्यां पांचवी जोडी सुयांवर आहे, आणि वाचनांत हरि नारायण आपटे ह्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’. तांबडा रंग वडिलांस अजून ओळखूं येतो. म्हणून पांढऱ्या मोज्यांच्या तोंडास उजवीकडे एक व डावीकडे दोन अशा तांबड्या फेऱ्या घातल्या आहेत. मोजे ते आपले आपण घालतात.