सेडान की एसयूव्ही? आधी आजीला बसवून बघा

घरात बाळ आलं की सगळे म्हणतात, आता मोठी गाडी घ्या. पण मोठी म्हणजे नेमकी किती?

डिझायर ही सेडान आणि नेक्सॉन ही एसयूव्ही, यांचंच बघा. दोन्हींची लांबी ३९९५ मिमी, डिकीही दोन्हींची ३८२ लिटर! चार मीटरच्या आत राहिलं की कर कमी, म्हणून दोघी तिथेच थांबल्यात. फरक आहे तो उंची-रुंदीत. नेक्सॉन सुमारे ७ सेंमीने जास्त रुंद. मागे चाइल्ड सीट लावून शेजारी दोन मोठी माणसं बसवायची, तर हे ७ सेंमी फार मोलाचे. (तरी तिसऱ्याचा खांदा आखडतोच, हे धरून चाला.)

गुडघे दुखणाऱ्या आजीला सेडानमध्ये खाली वाकून बसावं लागतं आणि उठताना दाराला धरावं लागतं. एसयूव्हीत सीट साधारण कमरेच्या उंचीला येते. माझ्या मते एसयूव्ही घ्यायचं सगळ्यात खरं कारण हेच. रस्त्यावरचा रुबाब वगैरे सोडा.

उलट घाटात उंच गाडी वळणावर जास्त झुकते, आणि मागच्या सीटवरचं पोर घाट उतरेपर्यंत उलटीसाठी पिशवी मागतं. सेडान तिथे शांत.

सीएनजी हवी असेल तर डिकी उघडून सिलिंडर बघा, मग प्रॅम आत ठेवून बघा. शोरूमला जाताना प्रॅम, चाइल्ड सीट आणि आजी, तिन्ही सोबत न्या. सेल्समन हसला तर हसू दे.