चिन्नोरच्या सुगंधाला भाव कुठून येतो?

मार्केटिंग म्हणजे जाहिरात आणि जाहिरात म्हणजे गिऱ्हाइकाच्या गळ्यात माल मारणे, हा समज बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाड्यापासून पुण्यापर्यंत सारखाच पक्का आहे. ‘माल चोख असला की आपोआप खपतो’ हा त्याचा जोडीदार. दोन्ही तपासायला याच जिल्ह्याचे चिन्नोर धान पुरेसे आहे.

चिन्नोर हे जड धान. हलके धान घरी आले तरी ते बांधीत उभेच असते. उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते, उताराही कमी देते. पण भात शिजू लागला की वास शेजारच्या घरी पोचतो. माल चोख आहे, यात वादच नाही. तरी तो सरकारी खरेदी केंद्रावर नेला तर? हमीभावात धानाच्या प्रती दोनच. २०२४-२५च्या खरिपात साधारण धानाला क्विंटलमागे २३०० रुपये, ‘अ’ प्रतीला २३२०. सुगंधाचा रकाना तिथे नाही. जास्त दिवस राखलेल्या पिकाला फार तर २० रुपये जास्त मिळणार असतील, तर शेतकऱ्याने चिन्नोर लावावे कशाला?

मार्केटिंग इथे सुरू होते, जाहिरातीच्या कितीतरी आधी. हा तांदूळ कोणाला हवा, नवा की जुना, एक किलोच्या पिशवीत की दहा, हे विचारणे. दुसऱ्या वाणाची मिसळ होऊ न देणे. भरडाईनंतर कणी वेगळी काढणे. परवडेल असा भाव ठरवून माल नागपूर-जबलपूरला पोचवणे. जाहिरात हा त्यातला एक छोटा भाग.

हे फक्त कंपन्यांचे काम, असेही म्हटले जाते. पण शेतमालाची प्रतवारी करून त्यावर ॲगमार्कची खूण देणारा कायदा १९३७ चा आहे आणि त्याची केंद्रीय प्रयोगशाळा नागपुरात आहे. न पाहिलेला शेतकरी आणि न पाहिलेले गिऱ्हाईक यांच्यात विश्वास बसावा, हाच या खुणेचा उपयोग.

बालाघाट चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेवढ्याने भाव मिळाला, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. मानांकन नावाचे रक्षण करते, तेही दहा वर्षांसाठी; पुढे नूतनीकरण लागते. शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले, तरी परराज्यातला आंबा ‘देवगड’ म्हणून विकला जाण्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत.

म्हणून सुगंधी तांदूळ घेताना पिशवीवर मानांकनाची खूण आणि उत्पादकाचे नाव पाहा. नसेल तर दुकानदाराला विचारा.