सोन्याच्या तारेसाठी गिरणी

सोनाराच्या पेढीतला केर विकत घ्यायचा, जाळायचा, धुवायचा आणि त्यातले सोन्याचे कण वेचायचे, हा झारेकऱ्यांचा जुना धंदा. जुन्या संगणकांच्या चिपांतून सोने काढणाराही त्याच वाटेने जातो. त्याच्या वाटेवर फक्त दळणाची एक पायरी जास्त आहे. ती सोपी वाटते, पण हातचे सोने निसटते ते बऱ्याचदा तिथेच.

काळ्या प्लास्टिकच्या आत, सिलिकॉनच्या कपचीपासून बाहेरच्या पायांपर्यंत, सोन्याच्या तारा ओढलेल्या असतात. जाडी साधारण २५ मायक्रॉन, केसाच्या निम्म्याहून कमी. १ ग्रॅम सोन्याची अशी तार १०० मीटरहून लांब भरते. चाळीस पायांच्या चिपमध्ये दोन-दोन मिलिमीटरच्या तारा धरल्या, तर ग्रॅमभर सोन्यासाठी तेराशेच्या आसपास चिपा लागतात. शिवाय सोने महागल्यावर अनेक उत्पादक तांब्याच्या तारांकडे वळले. म्हणून गिरणी पारखण्याआधी माल पारखावा. सिरॅमिकच्या जुन्या प्रोसेसरांवर बरेचसे सोने पायांवर आणि झाकणावर उघडेच दिसते, ते आधी उतरवून घ्यावे. आणि ज्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असण्याची शंका आहे, ते कधीही दळू नये. त्याची धूळ फुप्फुसे कायमची निकामी करते.

ते काळे प्लास्टिक नावाचेच प्लास्टिक. वजनाने त्यात बहुतांश सिलिकाची पूड असते, इपॉक्सी फक्त ती बांधून ठेवते. सिलिका कठीण, पोलादालाही झिजवणारी. सोने मऊ. जात्यात ज्वारी भरडली जाते, पण कणकेची गोळी घातली तर ती नुसती पसरते. एकाच घासात ज्वारी आणि कणीक असावी, तसा हा माल आहे.

कच्च्या चिपांसाठी लोक हातोडा गिरणी घेतात. फिरत्या दांड्यावरचे लोखंडी हातोडे माल ठोकतात आणि खालच्या जाळीतून भरड पडते. काम झपाट्याने होते, पण इपॉक्सी चिवट असल्याने तारेचे तुकडे भरडीत कोंडलेलेच राहतात आणि हातोडे लवकर झिजतात.

चिपा आधी नीट जाळल्या की चित्र पालटते. इपॉक्सी गेली की उरते ती बोटांनी चुरडणारी राख. इथे बॉल मिल कामाला येते. आडव्या पिंपात पोलादी गोळे वर चढतात आणि मालावर कोसळतात. अर्धा मीटर व्यासाचे पिंप मिनिटाला सुमारे ६० फेऱ्यांनी फिरले तर गोळे भिंतीलाच चिकटून फिरत राहतात, म्हणून वेग ४० ते ४५ फेऱ्यांच्या आसपास ठेवतात. पण फार वेळ दळले तर सोने चपटे होते, गोळ्यांना माखते, आणि धुताना पातळ पापुद्रे पाण्यावर तरंगत वाहून जातात. थोडे दळावे, चाळावे, वरचा भरडा पुन्हा घालावा. लोहचुंबकाने पायांच्या पट्ट्या काढताना त्यांत तारा गुंतलेल्या नाहीत ना, हे पाहावे. राख काळी राहिली असेल तर पुन्हा जाळावी, कारण उरलेला कोळसा पुढे अम्लराजात विरघळलेले सोने शोषून घेतो.

जाळणे मात्र बंद भट्टीतच, धूरही जाळून टाकणाऱ्या दुसऱ्या कक्षासह. उघड्यावर जाळलेल्या ब्रोमीनयुक्त प्लास्टिकमधून डायॉक्सिन निघतात. मुरादाबादला रामगंगेच्या काठी साठलेली सर्किट बोर्डांची काळी राख राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचली, ती अशाच कामामुळे. दळतानाही पिंप घट्ट बंद हवे आणि धूळ ओढणारी पिशवीची गाळणी हवी. सिलिकाची बारीक धूळ छातीत साठते. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार हे काम नोंदणीशिवाय करता येत नाही.

माझा कौल जाळलेल्या राखेसाठी बॉल मिललाच. पण यंत्र घेण्याआधी आपली किलोभर राख घेऊन विक्रेत्याकडे जावे, ती आपल्यासमोर दळून घ्यावी, आणि नंतर गोळे धुऊन त्या पाण्यात किती सोने उतरले, ते तपासावे.