दयेची तालीम

पावसाळा तोंडावर आला असता आमच्या गावातील एका जुन्या धर्मादाय संस्थेने आपल्या सभागृहात आगीची रंगीत तालीम योजली होती, आणि तिला केवळ प्रेक्षक या नात्याने हजर राहण्याचा योग मला आला. शिट्टी वाजली, ‘आग’ असा पुकारा झाला, आणि पुढचा दरवाजा ज्वाळांनी अडला आहे असे मानायचे ठरलेले असल्यामुळे शंभर-सव्वाशे मंडळी मागील दाराकडे वळली, तो त्या दाराला कुलूप. किल्ली खजिनदारांच्या खिशात, आणि खजिनदार पुतणीच्या लग्नासाठी परगावी. भिंतीवरचे अग्निशामक नळकांडे एका उत्साही तरुणाने खाली उतरवले खरे, पण त्याची खीळ इतकी गंजलेली की दोघांनी ओढूनही ती हलेना. मंडळी हसली, मीही हसलो. आठवड्याने पाहतो तो कुलूप गेले होते आणि त्याच्या जागी आतून एका झटक्यात निघणारी कडी बसली होती. त्या संध्याकाळची मिळकत एवढीच. पण सभागृह बांधल्यापासून त्या दाराचा विचार कोणी प्रथमच केला होता.

देवळे, मशिदी, चर्च, मठ, वाचनालये आणि अनाथाश्रम यांच्यावर आपत्तीच्या प्रसंगी दुहेरी ऋण येऊन पडते. आपल्या छपराखाली जमलेल्यांचे प्राण राखणे हे पहिले, आणि गावावर संकट कोसळले असता दारे उघडून निराश्रितांस थारा देणे हे दुसरे. दुसऱ्या ऋणाची जाणीव आपल्या समाजास उपजतच आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळून मुंबई जागच्या जागी थिजली, तेव्हा अडकलेल्या परक्या माणसास आत घ्यावे, चहा द्यावा, यासाठी कोणाला सरकारी हुकमाची वाट पाहावी लागली नाही. पहिल्या ऋणाचा मात्र सहज विसर पडतो, कारण परोपकार ही अंतःकरणाची गोष्ट असून तिला शिक्षणाची गरज नाही, अशी आपली खोलवर रुजलेली समजूत आहे.

या समजुतीचे मोल किती जबर असते हे चिली देशाची राजधानी सान्तियागो हिने ८ डिसेंबर १८६३ रोजी पाहिले. मरियामातेचा सण, सायंकाळची उपासना, ला कोम्पान्यिया नावाच्या चर्चमध्ये बहुसंख्य स्त्रियांची दाटी, वेदीभोवती शेकडो दिवे आणि शोभेची वस्त्रे, असा तो थाट होता. एका दिव्याने वस्त्र पेटले, ज्वाळा छतास भिडल्या, आणि दरवाज्यांपाशी एकीवर एक पडलेल्या देहांची अशी भिंत झाली की बाहेर उभ्या असलेल्यांना आतील माणूस ओढून काढणेही दुष्कर झाले. दोन ते तीन हजार जीव त्या एका संध्याकाळी गेले. पण या कथेतील मला अधिक लक्षणीय वाटणारी तारीख २० डिसेंबर ही आहे. अवघ्या बारा दिवसांनी त्या नगरीच्या नागरिकांनी स्वयंसेवकांचे अग्निशामक दल स्थापन केले, आणि चिलीतील अग्निशामक आजही वेतन न घेता हे काम करतात. शोकाचे पर्यवसान त्यांनी सरावात केले.

सरावावाचून केलेली सेवा सेवकाचाही बळी घेते, याचा दाखला मेक्सिको शहराने दिला. १९८५ च्या सप्टेंबरातील भूकंपात सामान्य नागरिकांनी हातांनी ढिगारे उपसून सुमारे आठशे माणसे जिवंत बाहेर काढली. मात्र त्याच कामात सुमारे शंभर मदतकर्ते स्वतः प्राणांस मुकले. त्यांच्या शौर्यात उणे नव्हते. कोणती भिंत अजून ढासळणार आहे, कोठे आत शिरू नये, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या अग्निशमन खात्याने सामान्य रहिवाशांसाठी जो शिक्षणक्रम आखण्यास घेतला आणि जो पुढे अमेरिकाभर पसरून तेथील चर्चमंडळांनीही आपलासा केला, त्याचा पहिला पाठ हाच आहे की मदतकर्त्याने प्रथम स्वतः जखमींच्या संख्येत भर घालू नये. आपल्याकडे ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव क्षमतेपेक्षा अधिक माणसे चढल्याने उलटली आणि डझनाहून अधिक जीव कृष्णेने नेले. ‘आता पुरे, पुढच्या फेरीला’ एवढे शब्द काठावर उच्चारायला निर्दयता नव्हे, तालीम लागते.

गर्दीचेही एक शास्त्र आहे आणि ते विश्वस्तांनी शिकण्याजोगे आहे. एका चौरस मीटरात चार माणसे असेपर्यंत माणूस आपल्या पायांनी चालतो. ती संख्या सातच्या घरात गेली की जमाव द्रवासारखा वाहू लागतो, छातीवरचा दाब वाढून श्वास कोंडतो, आणि आपण कोणाला ढकलतो आहोत हे ढकलणाऱ्याला कळतही नाही. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेस, वाईनजीकच्या मांढरदेवीच्या डोंगरावर असेच घडले. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या, वाट अरुंद, एकाचा पाय घसरला तो त्याच्यावर दहा पडले. पुढे दुकानांना आग लागून सिलिंडर फुटले, आणि सुमारे तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. यातील एकेक कारण किती क्षुल्लक आहे पाहा: ओल्या पायऱ्या, वाट अडवणारी दुकाने, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा एकच मार्ग. नारळ फोडण्याची जागा पायऱ्यांपासून दूर नेणे आणि उतरण्याची वाट निराळी ठेवणे ही कामे भक्तीच्या आड येणारी नाहीत.

दुसऱ्या ऋणाचेही गणित असते. साहाय्यसंस्थांनी १९९७ पासून सिद्ध केलेल्या ‘स्फिअर’ या मानकांत निवाऱ्यातील प्रत्येक माणसामागे किमान साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला १५ लिटर पाणी आणि वीस जणांमागे एक शौचकूप असे प्रमाण दिले आहे. आता वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असा दिवाणखाना घ्या; लग्नाच्या पंगतीला त्यात दोनशे पाने सुखाने बसतात, परंतु रात्रीच्या निवाऱ्याचा हिशेब केला तर सत्तावन्न माणसे, साडेआठशे लिटर पाणी आणि तीन शौचकूप. हा आकडा पूर येण्यापूर्वी ज्या संस्थेच्या दप्तरी लिहिलेला असेल, तिला अठ्ठावन्नाव्या माणसाला ‘पलीकडच्या शाळेत जा, तेथे जागा आहे’ असे खात्रीने सांगता येईल. आलेल्यांची नोंदवही, मुलाला कोणाच्या हवाली केले त्याची सही, मिळालेल्या देणगीची पावती, ही कारकुनी वाटणारी कामे त्या रात्री अन्नाइतकीच मोलाची ठरतात.

कायद्याने वाट मोकळी केली आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणावर बिगरसरकारी संस्थांच्या साहाय्याने लोकशिक्षण करण्याचीही जबाबदारी टाकलेली आहे. ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना शोध, बचाव व प्रथमोपचार यांचे पाठ दिले जातात. आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक देवळाच्या सूचनाफलकावर आरतीच्या वेळापत्रकाशेजारी लिहायला खडूचा एक तुकडा पुरे. वसईच्या एखाद्या धर्मग्रामात रविवारच्या मिस्सानंतर, किंवा देवस्थानात एकादशीच्या कीर्तनापूर्वी, घटकाभर वेळ काढून दार कोणी उघडायचे, वीज कोणी तोडायची, म्हाताऱ्यांचा हात कोणी धरायचा आणि बाहेर वडाखाली जमल्यावर मोजणी कोणी करायची, ही चार कामे चार नावांवर, आणि ती माणसे गैरहजर असल्यास आणखी चार नावांवर, मुक्रर करावीत. पहिल्या शिक्षणाला एवढे पुरते.

देवाच्या दारी अशुभाचा उच्चार कशाला, असा आक्षेप वडीलधाऱ्यांकडून येतोच. त्यांचा मान राखूनच सांगावेसे वाटते की तालीम या शब्दात आपण सरावाइतकेच लाल मातीच्या आखाड्यालाही ओळखतो, आणि कोल्हापूरचा पैलवान मैदान ठरले की मगच दंड-बैठका सुरू करीत नाही. मैदान कधी ठरेल हे आपत्तीत तर कोणीच सांगत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीची जमीन हादरली ती पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या शिणाने गाव गाढ निजलेला असताना.

आमच्या संस्थेने यंदाची तालीम ज्येष्ठात ठेवली आहे. नळकांडे नवे आले आहे, मोजणीची वही शिवून तयार आहे, आणि मागील दाराचे काम खजिनदारांनी स्वतःहून मागून घेतले आहे. त्यांच्या गैरहजेरीत ते कोणी करायचे, ते नाव मात्र त्यांच्याच हस्ताक्षरात खाली लिहिलेले आहे.