जुनी ओम्नी तापते कधी?

मंडळी, आज आपण जुन्या ओम्नीचं तापणं समजून घेऊ. तिचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली बंदिस्त असतं. वारा थेट लागत नाही, सगळी भिस्त पाण्यावर. म्हणून पार्ट बदलण्याआधी एकच प्रश्न: गाडी तापते कधी?

सिग्नलला तापते आणि हायवेला काटा खाली येतो? मग रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज आणि स्विच बघू. उलट, घाट चढताना तापत असेल, तर रेडिएटर चोंदलेला किंवा थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. गळती दिसत नाही, तरी पाणी कमी होतं, बुडबुडे येतात? हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा.

आता झाकण. ते दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी १०० अंशांनाही उकळत नाही. रबर झिजलं की दाब जातो. पण गरम असताना झाकण उघडलंत, तर उकळतं पाणी थेट तोंडावर!

काटा लालकडे गेला की गाडी बाजूला, इंजिन बंद. ‘पुढच्या चौकापर्यंत जाऊ’ म्हणून रेटली, तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. मग शेकड्यांतलं काम हजारांत जातं.